मागच्या दाराची पाहणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. प्रत्यक्षात वाकायला डॉक्टरांनी महिनाभर बंदी केली आहे. कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? माझी तब्येत या वयात असावी तशी आहे, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही आणि लपवण्यासारखं बरंच आहे. घरात सगळं जागच्या जागी आहे. तुझी भावजय गेल्यापासून काही हलवायचं कारणच पडलेलं नाही.

तुझं कार्ड मिळालं. इतकं थोडक्यात तू जन्मात कधी लिहिलं नव्हतंस. ‘तू रोज बारमध्ये जाऊन बसतोस असं कळलं. खरं का?’ एवढंच, आणि खाली सहीसुद्धा नाही. बातमी कोणी पुरवली ते मी विचारत नाही, कारण मला ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या मुख्याध्यापिका बाई (निवृत्त झाल्या, पण त्यांची नजर अजून नोकरीत आहे) लिफ्टमध्ये माझ्या मनगटाकडे पाहून जशा गप्प झाल्या, त्यावरूनच मी ओळखलं की आता तुला पत्र जाणार. तर उत्तर असं : खरं आहे. फक्त ‘रोज’ हे चूक आहे. सोमवारी बहुतेक ठिकाणं बंद असतात.

आता मुळापासून सांगतो, कारण अर्धवट अहवाल लिहायची मला सवय नाही. तुला यातलं निम्मं माहीत आहे, पण तू ते नेहमी दुसऱ्या बाजूने ऐकलंस, म्हणून एकदा माझ्याकडूनही ऐक. तीन वर्षांपूर्वी आपल्या टिटवीचा पहिला कार्यक्रम एका तळघरातल्या हॉलमध्ये ठरला होता. (हे नाव तूच ठेवलंस. जन्मली त्या रात्री तिने सगळा वॉर्ड जागा ठेवला होता, आणि तू म्हणालीस, ही गाणार तरी नाहीतर भांडणार तरी. दोन्ही झालं.) वाजवणारे चौघे, गाणारी ही एकटी. अग्निशमन खात्यातर्फे हॉलची पाहणी माझ्याकडे आली. मी सहा वाजता पोचलो, कार्यक्रम सातला. आत उतरायला एकच जिना, तोही तीन फुटी; भिंतींना नायलॉनचे पडदे; दुसरं दार विटांनी बुजवलेलं; आणि खुर्च्या एकशे चाळीस. मी सील ठोकलं. टिटवी जिन्यात माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, आजचा एक दिवस जाऊ द्या. उद्या सकाळी ठोका.” मी म्हणालो, “आग वार बघून लागत नाही.” तुझी भावजय ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत येऊन बसली होती. माझ्या हातातली सीलची लाख बघून ती उठली आणि जिना चढून वर गेली. आठ महिन्यांनी ती गेली. मुलीचं गाणं हॉलमध्ये बसून ऐकायचं तिचं राहूनच गेलं. त्यानंतर महिन्याभरात टिटवीने सामान बांधलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

मी त्या दिवशी बरोबर होतो, ताई. आजही बरोबर आहे. पण एकट्यापुरता स्वयंपाक करायला उभं राहिलं की बरोबर असण्याचा काहीएक उपयोग होत नाही, हे मला कोणत्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

ती दर रविवारी तुझ्याकडे येते हे मला माहीत आहे. कुठे गाते ते मला सांगायचं नाही, असं तू तिला वचन दिलं आहेस, त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. (दिला आहे, पण तो मागच्या पत्रात.) तेव्हा निवृत्त झाल्यावर मी ठरवलं की आपणच शोधायचं. या शहरात जिथे पेयं मिळतात आणि गाणं-बजावणंही चालतं अशी बासष्ट ठिकाणं आहेत. हा आकडा मला माहीत आहे, कारण ती यादी मीच केलेली होती. टिटवीचं नाव कुठल्याही पोस्टरवर सापडेना; हल्ली वाजवणारे आपल्या टोळीला काहीतरी नाव देतात आणि सगळे त्याच्या आड लपतात. म्हणून यादीच्या पहिल्या नावापासून सुरुवात केली.

इथे माझी एक अडचण सांगायला हवी. माणूस नोकरीतून निवृत्त होतो, पण मान निवृत्त होत नाही. कुठल्याही खोलीत शिरलो की माझी मान आधी वर जाते (छत, वायरी), मग डावीकडे (पहिलं दार), मग उजवीकडे (दुसरं दार), मग खाली, दाराखाली पाचर मारली आहे का ते बघायला. तुला आठवत असेल, दार पाचर मारून उघडं ठेवणं हा आमच्या खात्यात सगळ्यांत मोठा गुन्हा. बाहेर पडायचं दार आपलं आपण मिटलं पाहिजे, नाहीतर धूर घरचाच असल्यासारखा हिंडतो. एकतीस वर्षांत जिथे पाचर दिसली तिथे ती काढून मी खिशात घातली. घरात त्यांचा एक अख्खा खण भरला होता. तुझी भावजय त्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली आणि कपाटाखाली सरकवायची आणि म्हणायची, तुमच्या नोकरीवर हे घर उभं आहे ते असं.

तर पहिल्या बारमध्ये मी कोपऱ्यातलं टेबल धरून बसलो, लिंबू-सोडा मागवला आणि नेहमीप्रमाणे मान वर केली. एवढंच केलं. तेवढ्यात मॅनेजर काउंटरमागून निघाला तो तोंडावरचा रंग तिथेच ठेवून आला. त्याने मला ओळखलं होतं. मी सांगायला गेलो की बाबा रे, मी आता कोणी नाही, नुसतं गाणं ऐकायला आलोय. त्याचा अर्थ त्याने असा घेतला की साहेब वेषांतर करून आले आहेत. पुढच्या दहा मिनिटांत जिन्यावर बसलेली माणसं उठवली गेली, वीस खुर्च्या स्वयंपाकघरात गेल्या, लाल सिलिंडर पुसून चकचकीत झाला, आणि गिटार वाजवणाऱ्याला थांबवून त्याच्या पायातल्या वायरी गुंडाळायला लावल्या. वायरी गुंडाळल्यावर गिटार वाजेना. मला खारे दाणे तीन वेळा आणून दिले. सगळं गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघत होतं, जणू मी त्यांच्या घरचा पंखा बंद केलाय. गाणं त्या रात्री झालंच नाही. पुढच्या चार ठिकाणी हेच झालं. मी ज्या बारमध्ये जाई तिथलं संगीत बंद पडे. ताई, एकतीस वर्षांत माझी इतकी दहशत आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता कळून आनंद झाला नाही.

सहाव्या ठिकाणी दारावरच एका पहिलवानाने माझं मनगट धरलं आणि त्यावर शाईचा शिक्का मारला. आत जायची ती परवानगी, असं त्याचं म्हणणं. मी जन्मभर दुसऱ्यांच्या दारांवर शिक्के मारले, आणि म्हातारपणी एका गड्याने मलाच मंजूर केलं. शिक्का निळा होता, त्यावर घुबडाचं चित्र होतं, आणि तो साबणाने जात नाही, घासणीनेही जात नाही. (लिफ्टमध्ये बाईंनी पाहिलं ते हे घुबड.) आत एक वयस्क गृहस्थ सॅक्सोफोन वाजवत होते, डोळे मिटून, अगदी सावकाश, जणू घरी जायची घाई नाही. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण ऐकलं. मग माझ्या लक्षात आलं की हे तुझ्या भावजयीला आवडलं असतं, आणि मी उठून बाहेर आलो. ती सगळी जबाबदारी सॅक्सोफोनची होती असं मी धरून चाललो आहे.

ओळख लपवायची तर कपडे बदलले पाहिजेत, असा सल्ला मला खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने दिला आणि स्वतःचा फुलाफुलांचा शर्टही दिला. (तो सुट्टीत घालतो म्हणे. त्याच्या पेशंटांनी तो पाहिलेला नसावा.) तो घालून मी अकराव्या ठिकाणी गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, काका, काय देऊ? मी म्हणालो, काहीतरी थंड, साधं. त्यांनी उंच ग्लासात काकडीच्या चकत्या आणि पुदिन्याची पानं घालून एक सरबत दिलं. फार चांगलं होतं. मी तीन प्यालो. तिसऱ्यानंतर मला आतून एक मोठी माया दाटून आली. समोर ऐंशी माणसं, सगळी तरुण, सगळी कोणाची तरी मुलं, आणि त्यांच्यातल्या एकालाही दुसरं दार कुठे आहे ते माहीत नाही. माझ्याने बघवेना. मी स्टेजवर गेलो (असं सांगतात), माइक हातात घेतला आणि जाहीर केलं की आता आपण सगळे बाहेर पडण्याचा सराव करणार आहोत. ढोलवाला हुशार निघाला. त्याने ताल धरला. आणि खरं सांगतो, ताई, अशी शिस्त मी सरकारी इमारतीत पाहिली नाही. हातात ग्लास घेऊन, रांगेने, हसत, ऐंशीच्या ऐंशी माणसं रस्त्यावर. एक मिनिट चाळीस सेकंद. मी घड्याळ लावून ठेवलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीतला हा उच्चांक आहे आणि तो कुठल्याही रजिस्टरात चढणार नाही.

वाईट एवढंच की बाहेर हवा छान होती, समोर दुसरा बार होता, आणि परत कोणीच आत आलं नाही. मालकाने मला कायमची बंदी केली. मी फुटपाथच्या कडेला बसून होतो, पोटात सरबत आणि डोक्यात घड्याळ फिरत होतं. तेव्हा त्या काउंटरवरच्या बाई पाण्याची बाटली घेऊन बाहेर आल्या.

“काका, तुम्ही त्या मुलीचे कोणी लागता का?” त्यांनी विचारलं.

“कुठल्या मुलीचा?”

“फर्निचरच्या दुकानावर वरच्या मजल्याला एक जागा आहे, तिथे दर शुक्रवारी गाते. गाण्याआधी सगळ्यांना दारं दाखवते. अगदी तुमच्यासारखीच, हात लांब करून.”

ताई, तुझ्या थोरल्याच्या लग्नातली गोष्ट आठवते? टिटवी पाच वर्षांची होती, आणि भरल्या मांडवात खुर्चीवर उभी राहून तिने पाहुण्यांना सांगितलं होतं, पुढचं दार तिकडे, मागचं दार तिकडे, धावायचं नाही, चालायचं, पडलेल्याला उचलायचं. मीच शिकवलं होतं. इतर मुलांना गोष्टी सांगून झोपवतात, हिला मी दारं सांगून झोपवत असे. तू त्या दिवशी माझ्यावर चिडली होतीस की पोरीला भित्री करून ठेवशील. मी फुटपाथवर बसून रडलो. सरबतामुळे असेल, पण सगळं सरबतामुळे नसेल.

पुढच्या शुक्रवारी मी तिथे गेलो. जिना लाकडी, पण रुंद. आत साठेक माणसं. मी खांबाआड उभा राहिलो. टिटवी आली. केस कापलेत तिने. तू मला कळवलं नाहीस. बारीक झाली आहे, तेही कळवलं नाहीस. माइकसमोर उभी राहून तिने डावा हात लांब केला आणि म्हणाली, “गाण्याआधी एक मिनिट. पुढचं दार हे. मागचं दार स्टेजच्या उजवीकडे, ते बाहेरच्या बाजूला उघडतं, खाली गल्लीत लोखंडी जिना उतरतो. काही झालं तर धावायचं नाही,” आणि सगळी साठ माणसं एका सुरात ओरडली, “चालायचं!” त्यांना ती गंमत वाटते. ती हसली. मग शेवटचं वाक्य तिने हळू म्हटलं, “पडलेल्याला उचलायचं,” आणि डोळे मिटून पहिला सूर लावला.

इथे दुसरा कोणी बाप असता तर त्याने गाणं ऐकलं असतं. मी मागचं दार तपासायला गेलो.

खाली उतरून, दुकानाला वळसा घालून गल्लीत गेलो, लोखंडी जिना चढलो, आणि जिना संपतो तिथल्या फळीवर त्या दाराला टेकून बाटल्यांचे अठरा क्रेट रचून ठेवले होते. छातीपर्यंत. आतून दार चांगलं दिसतं. बाहेर ढकलायला जा, तर बोटभर हलणार नाही. म्हणजे माझी मुलगी दर शुक्रवारी साठ माणसांना जे दार दाखवते, ते दार नाहीच. आता मी काय करायचं सांग. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला एक फोन केला की काम झालं असतं. (तरुण आहे, मीच तयार केलाय, म्हणजे दयामाया नाही.) त्याने सहा वाजता येऊन सील ठोकलं असतं, आणि टिटवीने एकच प्रश्न विचारला असता, तक्रार कोणी केली? मालकाला सांगावं तर तो विचारणार, तुम्ही कोण, आणि त्याचं उत्तर मला तिच्या परवानगीशिवाय देता येत नाही. आणि काहीच न करणं मला जमत नाही, तो माझा आजार आहे.

म्हणून मी कोट काढला आणि अठरा क्रेट एकेक करून खाली उतरवले. उतरवता उतरवता आतलं गाणं संपलं.

पुढच्या शुक्रवारी क्रेट पुन्हा तिथेच. रोज साडेआठला एक टेम्पो येतो, आणि टेम्पोवाला ठिकठिकाणच्या रिकाम्या बाटल्या वर नेऊन त्याच फळीवर रचतो, कारण खाली ठेवल्या तर चोरीला जातात. मी त्याला म्हणालो, इथे ठेवू नकोस, मी खाली राखण करतो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, “नवे वॉचमन का?” असं विचारलं आणि माझ्या उत्तरासाठी थांबला नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी सात वाजता मी त्या गल्लीत हजर असतो. आधी आठवडाभरात साचलेले क्रेट हलवतो, मग एक उलटा करून वर दाराशी बसतो, कार्यक्रम संपेपर्यंत. आता सहा शुक्रवार झाले. अंधार असतो, गटाराचा वास असतो, एक मांजर असते, ती माझ्याशी बोलत नाही. बारमध्ये जाऊन बसतो म्हणतेस ते हे. बारच्या पाठीमागे म्हणायला हवं होतंस.

आत का बसत नाहीस, असं विचारशील. टेम्पोवर लक्ष ठेवायचं असतं, हे एक. खरं कारण असं की मला पाहून ती गायची थांबेल अशी मला भीती वाटते. एकदा मी थांबवलं आहे. दार जाड आहे, चांगल्या प्रतीचं आहे (ते लावलं त्याला मी मनातल्या मनात शाबासकी दिली), त्यातून ढोल ऐकू येतो, वरचा एखादा सूर येतो, शब्द येत नाहीत. ती काय गाते ते मला अजून माहीत नाही. लोक टाळ्या वाजवतात, त्यावरून बरं गात असावी.

सारांश, मी बिघडलेलो नाही, तशी मला संधीच कोणी दिली नाही. भावोजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना गरम पट्टी लाव, आणि स्वयंपाकघरात गॅसच्या नळीवर तारीख असते ती बघ. तू बघणार नाहीस हे मला माहीत आहे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. १ : दंतवैद्याचा शर्ट मी परत केला. त्याने तो घेतला नाही. तुला भावोजींसाठी हवा असल्यास कळव.

ता. क. २ : पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं. अठरा क्रेट उचलून माझी कंबर धरली आहे, आणि महिनाभर काही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणजे येते चार शुक्रवार दार बंद. तिने तुझ्याकडून वचन घेतलं ते मला काही न सांगायचं. तिला काही सांगायचं नाही असं त्यात नव्हतं. तेव्हा ती रविवारी आली की सहज विषय काढून तिला म्हण, मागच्या दाराबाहेर एकदा स्वतः जाऊन बघ. माझं नाव घेऊ नकोस. तुझं डोकं आहे असं तिला वाटू दे.

ता. क. ३ : पत्र टाकायचं राहून गेलं, आज शनिवार आहे. काल राहवेना म्हणून कंबरेला पट्टा बांधून गेलो. वाटलं, निदान टेम्पोवाल्याला सांगता येईल. वर जाऊन पाहतो तर क्रेट आधीच हलवलेले, अठराही, भिंतीशी नीट रचून. एक तेवढा दाराशी उलटा ठेवलेला, आणि त्यावर उशी. टेम्पोवाला म्हणाला, मी नाही, आज दुपारीही एक फेरी होती, तेव्हा ती गाणारी बाई एकटीच उचलत होती. तेव्हा वरची विनंती रद्द समज. ती बाहेर आली नाही. मीही आत गेलो नाही. पण दार वीतभर उघडं होतं आणि त्याच्याखाली लाकडाची पाचर मारलेली होती, आणि सगळी गाणी मला शब्दांसकट ऐकू आली. नियमाने ते साफ चूक आहे. मी पाचर काढली नाही.